दयेचा नव्हे, भाषेचा प्रश्न



मूकबधिर शाळांचा इतिहास म्हणजे दानशूरांचा इतिहास, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. बिशप म्युरिन यांनी १८८०च्या दशकात मुंबईत शाळा काढली, हे खरेच. पण १८८० मध्येच मूकबधिरांच्या शिक्षणावरील मिलानच्या परिषदेने हातांच्या खुणा वर्गाबाहेर काढल्या होत्या. मग समोर आरसा, शिक्षकांच्या गळ्यावर मुलाचा तळवा, ‘प’ म्हणताना ओठांपुढे हलणारी कागदाची पट्टी! उच्चार घोटण्यात तास जायचे. गणित, गोष्टी मागे पडायच्या. शिवाय परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुंबईचा इतिहास तोच मराठवाड्याचा, असे धरणे चूक. २०२०च्या शिक्षण धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेची दखल घेतली आहे. ती अस्खलित जाणणारे शिक्षक जिल्ह्यातल्या प्रत्येक मूकबधिर शाळेला मिळालेच पाहिजेत.

– एक पालक, परभणी