पाच दिवसांच्या गोळ्यांची किंमत

मनगटातील दबलेली नस मोकळी करणे, बोटावरची गाठ काढणे अशा हातावरील किरकोळ शस्त्रक्रियांनंतर जखम चिघळण्याचे प्रमाण शेकडा एक-दोनांपलीकडे सहसा जात नाही. तथापि आपल्याकडे पाच दिवसांची प्रतिजैविके देण्याचा प्रघात सुटत नाही. (मातीने माखलेल्या वा कुत्र्याने चावलेल्या जखमेची गोष्ट अर्थातच निराळी.) शस्त्रक्रिया आटोपल्यावर ती केवळ प्रतिबंधासाठी चालू ठेवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितले. गोळ्यांचे पैसे रुग्ण देतो; जंतू निर्ढावल्याची किंमत मात्र उद्या न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या तिऱ्हाइताला मोजावी लागते. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्यांवर २०१४ पासून बंधनकारक आहे. परंतु मुळात चिठ्ठी आवश्यक होती काय, हे रुग्णालयांनीच तपासावयास हवे.