नाव नंतर, नोंद आधी

तगरीची किंवा कण्हेरीची पाने भराभर फस्त होऊ लागली की झाड जरा निरखून पाहावे. बोटाएवढी हिरवीगार अळी, शेपटीशी आखूड काटा आणि डोक्यामागे वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके. पुढे तिचाच हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा पतंग होतो. हे सारे कुंडीतल्या झाडावर घडते आणि कुठेही नोंदले जात नाही. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,४०० जाती आहेत, पतंगांच्या १०,०००हून अधिक. महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंगांच्या वाट्याला मात्र झाडू येतो. एवढ्या मोठ्या गोतावळ्याची मोजदाद मूठभर कीटकशास्त्रज्ञांच्या आवाक्यातली नाही. पतंग यावेत म्हणून गच्चीत पांढरी चादर बांधून तिच्यापुढे दिवा लावणाऱ्या सामान्य माणसांनीच ती हाती घ्यायला हवी.

यावर तज्ज्ञ जो आक्षेप घेतात तो रास्त आहे. कित्येक जाती नुसत्या पंखांवरून ओळखता येत नाहीत, जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दोघातिघांनी एकाच चुकीच्या नावाला मान डोलावली की चूक पक्की होऊन बसते. म्हणूनच नावाचा हट्ट सोडावा. तारीख, ठिकाण, स्पष्ट फोटो आणि अळी असेल तर ती कोणत्या झाडाचे पान खात होती, एवढे लिहिले तरी पुरे. चुकलेले नाव दहा वर्षांनीही सुधारता येते. न टिपलेली रात्र परत मिळत नाही. हौशी माणसांना हे झेपणार नाही, असेही नाही. भारतातल्या हॉक मॉथ गटाच्या पतंगांवरच्या १९३७च्या ग्रंथाचे एक लेखक टी. आर. बेल हे पेशाने वनाधिकारी होते. कारवारच्या रानातल्या अळ्या पाळून त्यांनी त्या अळ्यांच्या खाद्यवनस्पती टिपून ठेवल्या.

पिकाच्या वैऱ्याचे कौतुक कसले, असे शेतकरी विचारील. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने ज्याचा कापूस नेला, त्याला तो हक्क आहेच. पण वैऱ्याचा ठावठिकाणा तरी ठाऊक हवा ना? रात्री संत्र्यात सोंड खुपसून रस शोषणाऱ्या पतंगाची अळी संत्र्यावर वाढतच नाही, ती वाढते गुळवेलीवर. कुंपणावरच्या गुळवेलीवर ती कधी दिसली, याची गावातल्या शाळकरी पोरांनी ठेवलेली वही बागायतदाराला फळे गळण्याआधी सावध करू शकेल. गच्चीतल्या चादरीपुढचा दिवा मात्र तासा-दोन तासांत मालवावा, कारण रात्रभर चादरीला चिकटून राहिलेले पतंग पहाटे पक्ष्यांच्या चोचीत जातात.