तहान न लागलेल्यांचे पाणी

दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात या दिवसांत द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते. हंगामाची द्राक्षे उतरलेली असतात आणि फळ वाहून थकलेल्या काड्या कापून वेल जवळजवळ उघडी केली जाते. मुळांशी पुरेशी ओल असेल, तर छाटलेल्या काडीच्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब ठिबकू लागतात. आपल्यापैकी अनेकांनी ते माहेरच्या वा सासरच्या बागेत पाहिले असेल. वर एकही पान उरलेले नाही, ऊन रणरणते आहे आणि वाळक्या लाकडासारख्या दिसणाऱ्या त्या खोडातून पाणी वर येते आहे. ते वर ढकलते कोण?

आरोग्याच्या सदरात वेलीचे काय काम, असे कोणी विचारील. पण या ठिबकणाऱ्या पाण्याचा आणि आपल्या दंडाला पट्टा बांधून मोजल्या जाणाऱ्या रक्तदाबाचा फार जुना संबंध आहे. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांच्याकडच्या द्राक्षवेलीचे जुने खोड अवेळी कापले गेले आणि त्यातून रस वाहू लागला. वेल मरेल या भीतीने त्यांनी कापलेल्या तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला, तर रसाच्या जोराने तो फुगून आला. मग त्यांनी खोडाला काचेच्या नळ्या जोडून हा जोर मोजला. १७२७ साली त्यांचा वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १७३३ साली रक्तावरचा. या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडल्याचे वर्णन आहे. तीत रक्त ८ फूट ३ इंच चढले होते. रक्तदाबाच्या मोजणीचा इतिहास येथून सुरू होतो. वेलीतला रस आणि प्राण्यातले रक्त हे दोन्ही प्रवाह याच एका माणसाने नळीत चढवून पाहिले.

हेल्स यांनी आणखी एक हिशेब मांडला होता. सूर्यफुलाचे झाड आणि माणूस यांची आकारमानाशी आकारमान अशी तुलना केली, तर त्याच अवधीत झाड माणसाच्या १७ पट पाणी आत घेते आणि बाहेर टाकते. हा आकडा वाचला की पहिल्यांदा अविश्वास वाटतो. झाड तर जागचे हलत नाही. मग इतके पाणी जाते कुठे?

ते हवेत जाते. पानांच्या पाठीवर, विशेषतः खालच्या बाजूस, डोळ्यांना न दिसणारी असंख्य पर्णरंध्रे असतात. सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्यासाठी झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि तो घेण्यासाठी ही रंध्रे उघडावीच लागतात. ती उघडली की आतील ओलावा वाफ होऊन निसटतो. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असेच उडून जाते. निसटणारा प्रत्येक कण मागच्या कणाला ओढतो आणि केसाहून बारीक जलवाहिन्यांतून ही ओढ थेट मुळांपर्यंत पोहोचते. झाडाला हृदय नाही. त्याच्या पाण्याला वर खेचण्याचे काम सूर्य करतो. रात्री रंध्रे मिटतात, ओढ थांबते. तेव्हा मात्र मुळे स्वतःच्या जोराने थोडे पाणी वर ढकलतात. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी जो थेंब लोंबकळताना दिसतो, तो पुष्कळदा दव नसून मुळांनी वर पाठवलेले हेच पाणी असते. छाटलेल्या द्राक्षवेलीतून ठिबकणारे पाणीही तेच.

उडून जाणारे पाणी वाया जाते असे समजू नये. वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता सोबत नेते. माठातले पाणी गार होते ते यामुळे, भर दुपारी झाडाचे पान करपत नाही तेही बऱ्याच अंशी यामुळे, आणि आपल्या कातडीवरचा घाम आपल्याला वाचवतो तोही याच न्यायाने. येथे नाशिककरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईहून उन्हाळ्यात येथे आलेले पाहुणे म्हणतात, ‘‘तुमच्याकडे ऊन आहे, पण घाम नाही.’’ घाम असतोच. आपली हवा कोरडी असल्यामुळे तो कातडीवर येताक्षणी उडून जातो, एवढेच. मुंबईचा घाम सदरा भिजवून आपली जाणीव करून देतो. आपला घाम निमूटपणे जातो आणि पाणी किती गेले, याचा पत्ता लागत नाही.

झाड असे पाण्याच्या बाबतीत खर्चिक आहे. शरीर मात्र कमालीचे काटकसरी. आपले हृदय स्वस्थ बसलेले असतानाही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. तेच रक्त, पुन्हा पुन्हा. मूत्रपिंडे दिवसाकाठी साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले ९९ टक्के परत रक्तात घेतात. लघवीवाटे जाते ते दीड-दोन लिटर. या काटकसरीवर दोन पहारेकरी नेमलेले आहेत. रक्त किंचित दाट झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला ते कळते. तेथून व्हासोप्रेसिन नावाचे संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडांना सांगते, पाणी धरून ठेवा. हा पहिला पहारेकरी. दुसरा म्हणजे तहान. वनस्पतीतही अशी व्यवस्था आहे. जमीन सुकू लागली की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक झाडात वाढते आणि पर्णरंध्रे मिटतात. झाड उपाशी राहणे पत्करते, पण पाणी वाचवते.

या दोन पहारेकऱ्यांपैकी एकही म्हातारपणी पूर्वीइतका जागा राहत नाही, आणि आजचा सगळा लेख खरे तर एवढे सांगण्यासाठी आहे. वयाबरोबर मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती उतरते. संप्रेरक निरोप देते, पण ऐकणारा मंद झालेला असतो. शरीरातला पाण्याचा साठाही आटलेला असतो. तरुणपणी वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी असते, उतारवयात ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. आणि तहान? १९८४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात एक छोटा, पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. सात तरुण आणि सात निरोगी वृद्ध पुरुषांना २४ तास पाणी दिले नाही. वृद्धांच्या रक्ताची दाटी तरुणांहून अधिक वाढली होती. तरीही तोंड कोरडे पडल्याची आणि तहान लागल्याची तक्रार त्यांनीच कमी केली, आणि नंतर पाणी समोर ठेवल्यावर ते प्यालेही कमी. हे आजारी लोक नव्हते, हे पुन्हा सांगतो. म्हणून ‘‘आजोबा, तहान लागली का?’’ हा प्रेमाचा प्रश्न असला, तरी त्याच्या उत्तरावर विसंबता येत नाही. आजोबा ‘‘नाही’’ म्हणतात ते खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच लागलेली नसते.

मार्च ते जून या काळात दवाखान्यात दिसणारे चित्र ठरलेले आहे. आजींना घरचे लोक धरून आणतात. दोन दिवसांपासून गळून गेल्या आहेत, सकाळपासून असंबद्ध बोलतात, अंथरुणातून उठताना तोल गेला. घरच्यांच्या मनात अर्धांगवायूची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. अचानक आलेला गोंधळ कोणत्याही वयात इस्पितळाचाच विषय आहे, त्याला घरी पाणी पाजून वाट पाहू नये. पण तपासणीअंती पुष्कळदा निष्पन्न होते ते एवढेच की पाणी कमी पडले, त्यात रक्तदाबासाठी चालू असलेली लघवीची गोळी आणि वर दोन जुलाब. जीभ लाकडासारखी कोरडी असते. कातडीची चिमूट घेऊन पाहण्याची घरगुती परीक्षा मात्र वृद्धांत फसवी ठरते, कारण त्यांची कातडी एरवीही सैलच असते. लघवीला दिवसभरात किती वेळा गेल्या, हे विचारले की बहुधा घरचे एकमेकांकडे पाहू लागतात.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. अनेक ज्येष्ठ पाणी विसरतात म्हणून कमी पितात, असे नाही. ते जाणूनबुजून कमी पितात. गुडघे धरलेले असतात, शौचालय दूर किंवा दोन पायऱ्या खाली असते, रात्री उठताना सुनेला वा मुलाला उठवावे लागते. बायकांना खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची लाज वाटते, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो. मग संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद, बाहेर जायचे असेल तर सकाळपासून बंद, असा एक गुपचूप नियम घालून घेतला जातो. ‘‘उगाच कुणाला त्रास कशाला?’’ हे त्यामागचे वाक्य. सांभाळणाऱ्यांनी ‘‘पाणी प्या’’ असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा या एका वाक्याचा बंदोबस्त करावा. शौचालयाच्या वाटेवर रात्रभर दिवा, भिंतीला धरायला दांडा, बिछान्याजवळ भांडे, आणि ‘‘आम्हाला उठवा, आमची झोपमोड होत नाही’’ हे त्यांच्या तोंडावर एकदा स्पष्ट सांगणे. लघवी सुटणे आणि प्रोस्टेट या दोन्हींवर उपचार आहेत. त्यासाठी तोंड उघडावे लागते. माझ्या ज्येष्ठ वाचकांना ही आग्रहाची विनंती समजावी.

आपल्या बागायतदारांकडून शिकण्यासारखे येथे आहे. जाणता शेतकरी पान मलूल होण्याची वाट पाहत नाही. पान लवले म्हणजे उशीर झाला, हे त्याला ठाऊक असते. तो जमिनीतली ओल पाहून, हवेचा ताप पाहून ठरल्या वेळी ठिबक सुरू करतो. वृद्धांचे पाणीही असेच तहानेवर न ठेवता घड्याळावर ठेवावे. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असलेल्या वृद्ध स्त्रीने दिवसभरात सगळी पेये मिळून सुमारे १.६ लिटर आणि पुरुषाने सुमारे २ लिटर घ्यावे, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. उन्हाळ्यात याहून थोडे अधिक. यात चहा धरला तरी चालतो. पातळ ताक, पेज, वरणाचे पाणी, कोकम सरबत हेही धरावे. मधुमेह असेल तर सरबतातली साखर, रक्तदाब असेल तर ताकातले मीठ, एवढे भान हवे. मोठा तांब्या समोर ठेवू नये. तो पाहूनच मन मागे हटते आणि सांधे धरलेल्या हाताला तो उचलवतही नाही. फुलपात्र बरे. उठल्यावर एक, प्रत्येक गोळीबरोबर एक, जेवणाच्या आधी-नंतर, दुपारी जाग आल्यावर, असे ठिबकत ठिबकत. मोठा वाटा सायंकाळपूर्वी संपवला, तर रात्रीच्या खेपाही कमी होतात. दिवसभरात किती फुलपात्रे झाली, हे दिनदर्शिकेच्या चौकटीत काठीने नोंदवणारी काही घरे मी पाहिली आहेत. पद्धत साधी आहे, आणि सांभाळणारे माणूस बदलले तरी टिकते.

एका दमात खूप पाणी पाजणे मात्र टाळावे. त्याने रक्तातले सोडियम घसरू शकते, विशेषतः लघवीची गोळी घेणाऱ्यांत, आणि त्याचाही पहिला परिणाम असंबद्ध बोलणे हाच असतो. जुलाब-उलट्या असतील तर नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस द्यावे. १ लिटरचे पाकीट असेल तर पूर्ण पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात, अर्धे-पाऊण करून नव्हे, आणि २४ तासांनंतर उरलेले ओतून द्यावे. अशा दिवशी लघवीची गोळी चालू ठेवायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. स्वतः बंद करू नये आणि नेटाने चालूही ठेवू नये. पाणी पिताना ठसका लागत असेल, विशेषतः पक्षाघात होऊन गेलेल्यांना, तर ताठ बसवून चमच्या-चमच्याने द्यावे आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

आणि ज्यांना हृदय अशक्त असल्यामुळे किंवा मूत्रपिंडे निकामी होत असल्यामुळे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी वरचे लिटरचे आकडे सोडून द्यावेत. त्यांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेले असते. मात्र ते बहुधा थंडीत किंवा इस्पितळातून सोडताना ठरलेले असते. पारा चाळिशीकडे सरकला की ते एकदा पुन्हा विचारून घ्यावे. जाताना आठवडाभराच्या वजनाची नोंद सोबत न्यावी. सकाळी लघवीनंतर, रोज त्याच काट्यावर केलेली. दोन दिवसांत वाढलेला किंवा घटलेला एक किलो हा बहुतेक वेळा पाण्याचाच असतो, आणि डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ काही ठरवता येते.