टाचेची कंडरा : वेदनाशमन म्हणजे बल नव्हे

श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा आटोपली की टाचेच्या वरची शीर धरल्याची तक्रार घेऊन येणारे रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. एरवी न चालणारा मनुष्य एका रात्रीत अनवाणी डोंगर फिरतो, त्याचे हे फळ. धावपटूंमध्ये हाच व्याधी अतिसरावाने हळूहळू जडतो. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळविणाऱ्या कविता राऊत ज्या नाशिक जिल्ह्याच्या, तेथील वैद्यांनी तरी तो किरकोळ मानू नये.

आपली चिकित्सा ठरलेली आहे : स्थानिक अभ्यंग, स्वेदन, गुग्गुळ कल्प आणि प्रसंगी अग्निकर्म. याने वेदना कमी होतात, हा अनुभव नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रस्तुत लेखकाची चूक येथेच झाली. एका तरुण धावपटूस अग्निकर्मानंतर आठवड्यात आराम पडला. ‘बरे वाटते ना, मग धाव,’ असे सांगितले गेले. महिन्याभरात तो पूर्वीपेक्षा अधिक लंगडत परत आला. वेदना गेली होती. कंडरेत बल आले नव्हते.

जुनाट विकारात या कंडरेत दाह फारसा आढळत नाही. तिच्या तंतूंची रचना विस्कटलेली असते. केवळ शोथहर उपचार अपुरे पडतात ते यामुळे. तंतूंचे बल वाढते ते क्रमाने भार दिल्याने. स्वीडनमधील हाकान अल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला व्यायामक्रम भौतिकोपचारात आज सर्वपरिचित आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यावयाची आणि वर येताना निरोगी पायाचा आधार घ्यावयाचा. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, अशा ३ आवृत्त्या. गुडघा किंचित वाकवून तेवढ्याच. हे दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे टाचेच्या हाडालगत असल्यास टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये. व्यायामात थोडी वेदना चालते. दुसऱ्या सकाळी ती वाढलेली असेल तर भार कमी करावा. यंत्राने दिलेला शेक किंवा आघाततरंग हे या क्रमाचे साहाय्यक होत, पर्याय नव्हेत.

हे आपल्या शास्त्राशी विसंगत आहे काय? मुळीच नाही. सुश्रुताचार्यांनी सोळा कंडरा सांगून त्यांतील चार पायांत मानल्या आहेत. अतिव्यायाम हा हेतू आहे, तसाच अर्धशक्ती व्यायाम बल्य आहे. निदानपरिवर्जन म्हणजे कायमची विश्रांती नव्हे. स्नेहन-स्वेदनाने वेदना शमवावी आणि मिळालेला अवधी व्यायामासाठी वापरावा, असा समन्वय सहज साधतो.

औषधी दुकानदार बंधूंसही एक विनंती. तेलाची बाटली देताना ‘सध्या कोणते प्रतिजैविक चालू आहे?’ एवढे जरूर विचारावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटाने कंडरा दुखावते, क्वचित तुटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच तसा ठळक इशारा दिला. साठीपुढील व स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत धोका अधिक. अशा रुग्णास औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे त्वरित पाठवावे. अचानक ‘टाचेवर कोणी लाथ मारली’ असे वाटून पाय अधू झाला, आणि रुग्णास पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर कंडरा तुटली असे समजावे. तेथे मर्दन करू नये, शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

आयुर्वेद आणि भौतिकोपचार या दोन्ही शाखांच्या पदव्या आपल्याच नाशिकमधील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. विद्यापीठ एक असताना चिकित्सकांनी एकमेकांकडे रुग्ण पाठविण्यास संकोच का करावा? रुग्णाला केवळ वेदनामुक्त करून घरी पाठविणे सोपे आहे. तो पुन्हा धावू शकेल इतके बल त्याच्या पायात येईपर्यंत त्याची सोबत करणे, ही खरी चिकित्सा होय.