नावेतली बैठक ही चैन नव्हे

23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै) इथं वैनगंगेत नाव उलटली आणि मजुरीसाठी पैलतीरी निघालेल्या सहा महिला बुडाल्या. पूल हवा, लाइफ जॅकेट हवं, यावर वाद नाही. पण छोट्या नावेत माणूस कुठं आणि कसा बसतो, या प्रश्नाकडे आपण अजून नीट पाहिलेलं नाही. गणपूरच्या दुर्घटनेचं कारण बैठक होती, असं मी म्हणत नाही. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीत नदी ओलांडणारे आणि तलावात जाळं टाकणारे हजारो लोक आजही नावेच्या तळाशी उकिडवे बसतात. म्हणून आज त्या बैठकीविषयीच लिहितो.

मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचा लाकडी डोंगा अरुंद आणि उथळ असतो. त्यात बसायची वेगळी सोय नसते. तळाशी झिरपलेलं पाणी, त्यात भिजलेलं जाळं आणि त्यावरच माणूस. संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे काढायचं, म्हणजे तासन्‌तास कंबर वाकवून काम. पायाला मुंग्या आल्या की माणूस हलतो आणि तो हलला की डोंगा डुलतो. आखडलेला माणूस नावेला धोक्यात घालतो, म्हणून आराम हा सुरक्षेचाच भाग आहे.

लाकडी डोंग्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या नावेचा विचार करावा, असं मला वाटतं. हा धातू लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा आहे. बारा फुटी नाव साधारण 70 किलोची धरली, तर दोघं मिळून ती एका मामा (माजी मालगुजारी) तलावातून दुसऱ्या तलावाकडे उचलून नेऊ शकतात. पूर्व विदर्भातल्या या मालगुजारी तलावांवर मासेमारी करणाऱ्या संस्थांना हा मोठा फायदा आहे. पण हलकेपणाची दुसरी बाजूही आहे. नाव 70 किलोची आणि तिच्यातला माणूस 60 किलोचा असेल, तर नावेचा तोल त्या माणसाच्या बसण्यावरच ठरतो. उंच, फिरती, गादीची खुर्ची बसवली की आराम मिळतो, पण वजनाचा मध्य वर सरकतो आणि थोड्या झोकानंही नाव कलंडते. नियम सोपा ठेवावा: बसलेल्याचं बूड नावेच्या काठाच्या पातळीखालीच राहिलं पाहिजे. आराम उंचीतून मिळवायचा नाही. रुंद फळी, पाठीला टेकू आणि पाय रोवायला आडवी पट्टी यांतून तो मिळतो.

जागाही विचारपूर्वक ठरवावी. फेकजाळं टाकणारा उभा राहतो, म्हणून नावेचा पुढचा भाग मोकळा हवा आणि तिथं पाय न घसरणारा खरखरीत तळ हवा. एक बाक मध्यभागी, दुसरा मागे वल्हं मारणाऱ्यासाठी. नदी ओलांडताना प्रत्येकाची जागा ठरलेली असली की सगळे एकाच काठाकडे सरकत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चांगल्या अ‍ॅल्युमिनियम नावेचे बाक पोकळ पेटीसारखे असतात आणि त्यांत फोम भरलेला असतो. ऐसपैस जागेसाठी कुणी ते बाक कापून काढले, तर नावेला तरंगत ठेवणारा आधारच जातो. हिशेब करून पाहा. 70 किलोचं अ‍ॅल्युमिनियम पूर्ण बुडालं तर पाणी त्याचं सुमारे 26 किलो वजन पेलतं. उरलेले 44 किलो फोमनं पेलायचे. 120 सेंटीमीटर लांब, 30 रुंद आणि 25 उंच अशा एका बाकाचं आकारमान 90 लिटर भरतं. म्हणजे फोमनं भरलेला एकच बाक पाण्यानं भरलेली नाव बुडू देत नाही आणि तिला धरून राहणाऱ्यांनाही आधार देतो. नाव उलटली तरी ती तळाशी जात नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याच्यासाठी हा फरक जिवाचा आहे.

बैठक बसवताना आपले कारागीर दोन चुका टाळू शकतात. पहिली, पाण्याच्या रेषेखाली भोक पाडायचं नाही. पट्ट्या आतल्या बाजूच्या कण्यांवर किंवा आधीच्या बाकावर जोडायच्या. दुसरी, साधे लोखंडी बोल्ट आणि तांब्याची रसायनं मुरवलेलं लाकूड अ‍ॅल्युमिनियमला थेट लावायचं नाही. ओल मिळाली की त्या जागी धातू खाल्ला जातो. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि मध्ये रबराचं वॉशर, एवढं पुरतं.

राहिला उन्हाचा प्रश्न. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा धातूच्या बाकावर हातही ठेववत नाही. त्यावर उत्तर याच मातीत आहे. बांबूच्या पट्ट्यांची जाळीदार बैठक हवा खेळती ठेवते, पाणी साचू देत नाही आणि झिजली की बदलता येते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूकाम करणाऱ्या बुरूड कारागिरांना आणि ढिवर मच्छीमारांना एकत्र बसवून तिथं अशा बैठकीचे नमुने घडवता येतील.

पैशाची वाटही आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नाव आणि जाळ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. वनहक्क कायद्याच्या कलम 3 (1) (घ) मध्ये वनातल्या पाण्यातले मासे आणि इतर उत्पादनं हा सामूहिक हक्क मानला आहे. हक्क कागदावर आहे. तो वापरायला निघालेला माणूस सुखरूप घरी परतला, तरच त्या हक्काला अर्थ आहे.

म्हणून माझी विनंती मत्स्य सहकारी संस्थांना, ग्रामसभांना आणि जिल्हा नियोजन समित्यांना आहे. यापुढे कोणतीही नाव घेताना खरेदीच्या अटींत तीन गोष्टी लिहून घ्या: काठाखालची ठरलेली बैठक, बाकात भरलेला फोम आणि नाव उलटली तर धरायला पक्की कडी. या तीन अटी पूर्ण न करणारी नाव स्वस्तात मिळाली तरी स्वीकारू नका.