योजना नळापाशी थांबते, पाणी थांबत नाही

पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यात बेला हे मंडलाचे गाव आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बेला तेलुगू राज्यात राहिले, अनेकांच्या घरातील बोली मात्र मराठीच राहिली. तेलंगणची ‘मिशन भगीरथ’ ही पेयजल योजना ७ ऑगस्ट २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. ग्रामीण भागात माणशी रोज १०० लिटर हे तिचे उद्दिष्ट. तीन वर्षांनी आलेल्या केंद्राच्या जलजीवन मिशनने ५५ लिटरांचाच मापदंड ठेवला. संकल्पाच्या बाबतीत तेलंगण वरचढ, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु दोन्ही योजनांचा हिशेब नळजोडणीपाशी संपतो. त्यापुढील काम घरमालकाचे. जुना जीआय पाइप आतून गंजतो, क्षार साचून अरुंद होतो. पीव्हीसी उन्हात उघडा राहिला तर ठिसूळ होतो. खरा धोका जोडांत आहे. जेथे पाणी ठरावीक वेळीच सुटते, तेथे पुरवठा थांबताच पाइपमधील दाब उतरतो आणि सैल जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. नळालाच मोटार जोडणारे महाभाग हा धोका शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेतात. शुद्धीकरण केंद्रात निर्मळ झालेले पाणी असे शेवटच्या दहा हातांत नासते.

गोमंतकीयांनी याकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा देशातील पहिले ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य ठरले. त्याआधी तीनच वर्षे, ऑगस्ट २०१९ मध्ये केरये-खांडेपार येथे जलवाहिनी फुटून तिसवाडी व फोंडा तालुक्यांचे घसे कित्येक दिवस कोरडे पडले होते. मोठी वाहिनी फुटली की बातमी होते. भिंतीतला जोड वर्षानुवर्षे पाझरतो, त्याची होत नाही.

केंद्राच्या ‘नल जल मित्र’ उपक्रमात गावातीलच तरुणांना नळ, पंप व वीजदुरुस्तीचे प्रशिक्षण मिळते. कल्पना उत्तम, मात्र प्रशिक्षित हाताला नियमित मोबदला कोण देणार? पाणीपट्टीवर तो भागवणे कपाशीच्या हंगामावर जगणाऱ्या गावांना झेपणारे नाही. गरीब कुटुंबांचे जुने पाइप बदलण्याचा खर्च योजनेतच धरावा आणि प्लंबरचे मानधन राज्याने द्यावे. नव्या वाहिन्या टाकण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. पण त्याचे उद्घाटन करता येत नाही, हीच त्याची अडचण.