पद्मिनीत जिप्सीचं काळीज? जरा थांबा!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली आजोबांची पद्मिनी उभी आहे. टायर बसलेत, बॅटरी कधीच गेलीय आणि 'तेवढ्या जागेत बाबांची नवी गाडी लागेल' अशी कुरकुर घरात रोज चालू आहे. तुम्ही म्हणता, 'विकू नका, मी चालू करतो.' मग कॉलेजच्या मित्राबरोबर गॅरेज गाठता. मिस्त्री बॉनेट उघडतो, 'च्यक्' करतो आणि म्हणतो, "याचे पार्ट कुठे मिळतात आता? जिप्सीचं इंजिन टाकून देतो. गाडी अशी पळेल की बघत राहाल!"

मोह होणारच. फोनवर अशा गाड्यांचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. बाहेरून १९७४, आतून सुझुकी. पण हो म्हणायच्या आधी पाच मिनिटं थांबा. कारण माझं स्पष्ट मत आहे: दुसऱ्या कंपनीचे सुटे भाग घ्या, खुशाल घ्या. इंजिन मात्र घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, हा 'ओरिजिनल ओरिजिनल' करणाऱ्या सोवळ्या मंडळींपैकी दिसतोय. अजिबात नाही. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा इतिहासच मुळात उसनवारीचा आहे. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००, बनायची मुंबईत कुर्ल्याला. त्याच प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन जपानच्या निसानचं. नावातलं 'एनई' म्हणजे निसान इंजिन! काँटेसाचं उदाहरण तर आणखी भारी. रूप ब्रिटिश व्हॉक्सहॉलचं, पण सुरुवातीला आत बसवलं होतं अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. एवढी थोरली गाडी आणि ताकद जेमतेम ५० बीएचपीची. पुढे तिला इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि गाडीत जीव आला. १९९२ पासून ते अँबॅसडरलाही मिळालं. तेव्हा परक्या इंजिनाने गाडी बाटते वगैरे काही खरं नाही.

पण हे बदल कोणी केले? कंपन्यांनी. त्यांच्याकडे नकाशे होते, इंजिनिअर होते, चाचणीला गाड्या होत्या. आणि तरीही सगळं जमलंच असं नाही. रोव्हरच्या देखण्या बॉडीत जुनाट इंजिन बसवून आलेली स्टँडर्ड २००० आठवत नसेल तर बाबांना विचारा. काही वर्षांतच गाशा गुंडाळला तिने. कंपनीला जे जड गेलं, ते एका शेडमध्ये, एका वेल्डिंग मशीनवर सहज होईल, असं आपण कशाच्या भरवशावर मानतो?

जरा फिजिक्सकडे या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक बीएचपी. जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन देतं ८०. म्हणजे दुप्पट. पण ब्रेक? चारही चाकांना तेच जुने ड्रम. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण अकरावीत घोकलंय. ताशी ६० ऐवजी ८५ च्या वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. घाटात, भरलेल्या गाडीत, तापलेल्या ड्रमवर हे गणित सोडवायची वेळ येऊ नये.

बरं, इंजिन एकटं येतच नाही. त्याच्याबरोबर माउंटिंग बदलतात, गिअरबॉक्स बदलतो, मग प्रोपेलर शाफ्ट कापून नव्या मापाचा करावा लागतो. रेडिएटर अपुरा पडतो. फ्युएल इंजेक्शन असेल तर ईसीयू, सेन्सर, नवं वायरिंग आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप. स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा, जो आजोबा दोन बोटांनी हलवायचे, तो बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी जातो. शेवटी पद्मिनीचं काय उरतं? दारं आणि बिल्ला.

कायद्याचंही ऐका. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात नमूद केलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते. तेव्हा फियाटच्या जागी सुझुकी निघाली तर? आणि उद्या अपघात झाला, विमा कंपनीने इंजिन बघून हात वर केले, तर समोरच्याचं नुकसान कोण भरून देणार? आजोबांच्या पेन्शनमधून?

यापेक्षाही मोठं नुकसान बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोज कॉलेजला न्यायला ही नोंदणी चालत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला गाडी मानाने नेता येते. आता हिशेब करा. 'पद्मिनी' हे नाव आलं १९७४ मध्ये. म्हणजे पहिल्या पद्मिन्या नुकत्या पन्नाशी पार करताहेत. इतकी वर्षं तगलेल्या गाडीचं इंजिन नेमकं याच वेळी उपटून काढायचं, याला काय म्हणावं?

हे मी कोरड्या पायांनी सांगत नाहीये. आमच्याकडेही एक पद्मिनी होती. सेकंड इयरला मीच हट्ट धरला आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवून घेतलं. पहिला महिना मजेत गेला. मग गाडी गरम व्हायला लागली, मग वायरिंग जळलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, जुनं इंजिन परत बसवू." मी गॅरेजमध्ये विचारायला गेलो. मिस्त्रीने ते केव्हाच भंगारात किलोवर घातलं होतं. मला विचारायची गरज त्याला वाटली नाही आणि 'ठेव' म्हणून सांगायचं मला सुचलं नव्हतं. आजोबा काहीच बोलले नाहीत. फक्त त्यानंतर ते त्या गाडीत कधी बसले नाहीत.

म्हणून आता मी एकच कसोटी लावतो: उद्या हा बदल उलटवता येईल का? येत असेल, तर भाग कुठल्याही कंपनीचा चालेल. जुन्या फियाटमध्ये डायनामो असायचा. सिग्नलला इंजिन हळू चालतं तेव्हा तो पुरेसा करंट देत नाही आणि हेडलाइट मंद होतात. तिथे दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर एका ब्रॅकेटवर बसतो. पॉइंट घासून घासून वैताग आला असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा. ट्रॅफिकमध्ये तापते? छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक फॅन बसवा, पण आधी अल्टरनेटर, कारण फॅनला करंट जास्त लागतो. यातलं काहीही करताना चॅसिस कापायची नाही, बॉडीला भोकं पाडायची नाहीत आणि निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. ते खोकं घरी. गॅरेजमध्ये नाही!

'पण इंजिनच बसलंय, त्याचं काय?' रास्त प्रश्न आहे. बसलेलं इंजिन मेलेलं असतंच असं नाही. सिलिंडर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्ह सीट नव्याने बसवता येतात. लेथवर हात बसलेले जुने कारागीर अजून आहेत. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्यात चार दुकानं पायी फिरा. ब्लॉक खरंच फुटला असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होत्या, हे विसरू नका. बिल जपून ठेवा आणि नवा नंबर आरटीओत रीतसर नोंदवा.

याला वेळ लागेल, हे मान्य. सेमिस्टर संपेल, गाडी तरी स्टँडवर असेल. मित्र हसतील. इंजिन बदलणं झटपट होतं, व्हिडिओही भारी निघतो, आणि शेवटी गाडी तुमची आहे. पण खरं सांगायचं तर ती गाडी अजून आजोबांचीही आहे. चाळीस बीएचपीवर त्यांनी अख्खं घर लोणावळ्याला नेऊन आणलेलं असतं. तुम्हाला ऐंशी कशाला हवेत?

या रविवारी एवढंच करा. कव्हर काढा, बॉनेट उघडा, इंजिनावरचा नंबर फडक्याने पुसा आणि आरसीशी जुळवून बघा. आजोबांना खुर्ची टाकून शेजारी बसवा. नंबर जुळला, तर मिस्त्रीला फोन करून सांगा: इंजिन खोलायचंय, बदलायचं नाहीये.